विकायला न काढलेली कंपनी



सॉफ्टवेअर हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या नजरेसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेते, महाविद्यालयातच मुलाखती होतात, हिंजवडीला नाहीतर बंगळुरूला नोकरी लागते आणि दोन-चार वर्षांत परदेशातील ग्राहकाच्या कचेरीत जाण्याचा योग येतो. या चित्राने गेल्या तीस वर्षांत लाखो घरांना स्थैर्य दिले. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. मात्र या चित्रात एक जागा रिकामी असते. परदेशातील त्या कचेरीत जे सॉफ्टवेअर चालते, ज्याची देखभाल करण्यासाठी आपला मुलगा तेथे गेलेला असतो, ते कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

या धंद्याच्या मुळातच दोन जाती आहेत. एक शिंप्याची. गिऱ्हाइकाने माप द्यावे, शिंप्याने सदरा शिवावा, शिलाई घ्यावी. दुप्पट सदरे हवे असतील तर दुप्पट कारागीर बसवावे लागतात. दुसरी जात तयार कपड्यांच्या कारखानदाराची. आणि सॉफ्टवेअरच्या बाबतीत गंमत अशी की, सदरा एकदा शिवला की त्याच्या लाख प्रती काढायला कापड लागत नाही. पण तो पहिला सदरा तयार होईपर्यंत पदरचे खावे लागते, आणि तो कोणालाच अंगाला बसला नाही तर सगळेच बुडते. भारतीय सॉफ्टवेअर उद्योग मुख्यतः पहिल्या जातीवर मोठा झाला. दुसऱ्या जातीत, त्यातही कंपन्यांना रोजच्या कारभारासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रांतात, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी, हिशेब, पगारपत्रके, कचेरीचे टपाल, तक्रारींचा पाठपुरावा या प्रांतात, जर्मनीची सॅप, अमेरिकेची ओरॅकल, सेल्सफोर्स अशी नावे घेतली जात. हा प्रांत दिसायला नीरस आहे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तो क्वचितच येतो. पण येथे एकदा जोडलेला ग्राहक वर्षानुवर्षे सुटत नाही, कारण त्याच्या साऱ्या नोंदी, साऱ्या सवयी त्याच सॉफ्टवेअरमध्ये मुरलेल्या असतात.

या प्रांतात चेन्नईच्या एका कंपनीने बाहेरचे भांडवल न घेता, भांडवली बाजारात न जाता, कोणाला स्वतःला न विकता आपले स्थान निर्माण केले. तिचे नाव झोहो. २०२२ साली तिचे वार्षिक उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचे जाहीर झाले, तेव्हा तिला सव्वीस वर्षे पूर्ण झाली होती. या व्याख्यानाचा विषय आहे ती त्या सव्वीस वर्षांची रीत. अब्जाचा आकडा सर्वांना ठाऊक असतो. तेथवर पोहोचण्यास लागलेला काळ मात्र बहुतेकांच्या बोलण्यातून निसटतो.

श्रीधर वेंबू हे तमिळनाडूतील सामान्य कुटुंबातले. १९८९ साली मद्रासच्या आयआयटीतून ते अभियंता झाले, अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि सॅन डिएगो येथे क्वालकॉममध्ये नोकरी धरली. १९९६ साली ते, त्यांचे बंधू आणि टोनी थॉमस यांनी मिळून कंपनी सुरू केली, तेव्हा तिचे नाव होते ॲडव्हेंटनेट. दूरसंचाराची यंत्रसामग्री बनविणाऱ्या कंपन्यांना आपल्या जाळ्यावर देखरेख ठेवण्यासाठी जी सॉफ्टवेअरची हत्यारे लागतात, ती ही कंपनी पुरवीत असे. सामान्य माणसाला या उत्पादनाचे नावही कळण्याचे कारण नव्हते. परंतु ते उत्पादन होते, सेवा नव्हती. आणि त्याचे ग्राहक पहिल्या दिवसापासून परदेशात होते. या दोन गोष्टी पुढच्या साऱ्या प्रवासाचा पाया ठरल्या.

२००० सालचा काळ आठवून पाहावा. इंटरनेटच्या नावाने अमेरिकेत पैशांचा पूर आला होता. ॲडव्हेंटनेटलाही गुंतवणुकीचा प्रस्ताव आला. त्यात एक अट होती. ठरावीक वर्षांच्या आत कंपनी भांडवली बाजारात न्यावी किंवा कोणाला तरी विकून गुंतवणूकदाराचे पैसे मोकळे करून द्यावेत. वेंबू यांनी तो प्रस्ताव नाकारला.

ही अट कोठून येते हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्यात कोणाचा दुष्टपणा नाही. जोखमीचे भांडवल पुरविणारी संस्था स्वतःचे पैसे लावीत नाही. ती निवृत्तिवेतन निधी, विद्यापीठे, श्रीमंत घराणी यांच्याकडून पैसे गोळा करते आणि साधारण दहा वर्षांत ते वाढवून परत करण्याचे वचन देते. तिने पैसे लावलेल्या कंपन्यांपैकी बहुतेक बुडणार किंवा रखडणार हे तिने गृहीतच धरलेले असते. एखाद-दुसरी कंपनी शंभरपट वाढली की बाकीच्यांचे नुकसान भरून निघते. म्हणून ती प्रत्येक कंपनीला शंभरपट वाढण्याच्या शर्यतीत लोटते. मंदगतीने, पण नफ्यात चालणारी कंपनी तिच्या कामाची नाही. असे पैसे ज्याने घेतले, त्याने पैशांबरोबर एक घड्याळही घेतलेले असते, आणि त्या घड्याळाची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते. झोहोच्या पुढील प्रत्येक निर्णयाचा अर्थ लावायचा असेल तर हे घड्याळ तिने घरात येऊ दिले नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

लगेच परीक्षेची वेळ आली. २०००-२००१ मध्ये तो पूर ओसरला आणि दूरसंचार यंत्रसामग्रीचा बाजार कोसळला. ॲडव्हेंटनेटचे ग्राहक झपाट्याने आटले. ज्यांनी बाहेरचे पैसे घेऊन खर्च वाढवून ठेवला होता अशा अनेक कंपन्यांना टाळे लागले. ॲडव्हेंटनेटजवळ मागल्या वर्षांचा नफा शिल्लक होता आणि मोकळे झालेले अभियंते होते. या अभियंत्यांना नव्या कामाला लावण्यात आले. त्यातून 'मॅनेजइंजिन' ही उत्पादनमाला जन्माला आली. मोठ्या कचेऱ्यांतील संगणक, सर्व्हर, जाळे यांची देखभाल करणारे सॉफ्टवेअर तोवर काही बड्या अमेरिकी कंपन्या विकत. त्याची किंमत भली मोठी, ते बसवायला सल्लागार लागत, आणि विक्रेता दाराशी येईपर्यंत भावही कळत नसे. मॅनेजइंजिनने किंमत उघडपणे मांडली, सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून घेऊन वापरून पाहण्याची सोय दिली, आणि मधल्या आकाराच्या कंपन्यांना परवडेल असा भाव ठेवला. किराणा दुकानदाराने पाटीवर भाव लिहावेत इतकी ही साधी गोष्ट. त्या क्षेत्रात तेव्हा ती नवी होती.

मॅनेजइंजिनच्या नफ्यावर पुढचे पाऊल उभे राहिले. २००५ साली 'झोहो' या नावाने इंटरनेटवरून चालणारी उत्पादने येऊ लागली. प्रथम लेखनासाठी झोहो रायटर, मग विक्री आणि ग्राहकसंबंध सांभाळणारे झोहो सीआरएम. छोट्या कचेरीसाठी आणि घरातून चालणाऱ्या व्यवसायासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या 'सोहो' या संक्षेपाशी जुळणारे हे नाव. २००९ साली सबंध कंपनीनेच ते धारण केले. वेंबू यांनी नंतर जाहीरपणे सांगितल्याप्रमाणे, त्या सुमारास सेल्सफोर्सने कंपनी विकत घेण्याची इच्छा दाखवली होती आणि ती त्यांनी मान्य केली नाही. झोहोचा इंटरनेटवरील व्यवसाय तेव्हा स्वतःच्या पायावर उभा राहायचा होता. मॅनेजइंजिन मिळवीत होते आणि धाकटे भावंड खात होते. एकत्र कुटुंबात थोरला नोकरी करतो म्हणून धाकट्याचे शिक्षण होते, तसाच हा प्रकार. बाहेरचा गुंतवणूकदार असता तर त्याने धाकट्याला पहिल्या दोन वर्षांतच घराबाहेर काढले असते, नाहीतर थोरल्याला विकून टाकले असते.

आता किमतीचे गणित पाहू. कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या बड्या उद्योगांचे ताळेबंद उघडून पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. सेल्सफोर्ससारखी कंपनी मागच्या दशकात शंभर डॉलर मिळवीत असेल तर त्यांतील चाळीसहून अधिक डॉलर विक्री आणि प्रसिद्धीवर खर्च करीत असे, आणि सॉफ्टवेअर घडविण्यावर होणारा खर्च त्याहून पुष्कळच कमी असे. याचा अर्थ असा की, ग्राहक जी किंमत मोजतो तिचा मोठा वाटा त्यालाच पटविण्याच्या कामी येतो. झोहोने हा वाटा कमी ठेवला आणि खर्चाचा भर अभियंत्यांवर दिला. भाव कमी, म्हणून छोटा ग्राहक स्वतः येतो. स्वतः येतो, म्हणून विक्रेत्यांची फौज लागत नाही. फौज नाही, म्हणून भाव कमी ठेवता येतो. चाकाला एकदा गती मिळाली की ते फिरत राहते. पण ती गती मिळायला वर्षे लागतात.

ग्राहक वाढविण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. प्रथम एखादे छोटे साधन फुकट किंवा अल्प दरात द्यावे. ग्राहक ओसरीवर आला की त्याला हिशेबाचे साधन दाखवावे, मग टपालाचे, मग कर्मचाऱ्यांच्या रजा-पगाराचे. पाहता पाहता ग्राहकाचा सगळा कारभार माजघरात येऊन बसतो. २०१७ साली 'झोहो वन' या नावाने कंपनीने पस्तीसहून अधिक साधनांची मोट बांधली आणि सर्व कर्मचाऱ्यांसाठी घेतल्यास माणशी दरमहा तीस-पस्तीस डॉलर असा दर लावला. त्या वेळी स्पर्धक कंपनी केवळ विक्री-व्यवस्थापनाच्या मोठ्या आवृत्तीसाठी माणशी दीडशे डॉलर घेत होती. अर्थात, या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पन्नासहून अधिक साधने घडविणाऱ्या कंपनीचे प्रत्येक साधन आपापल्या क्षेत्रात अव्वल असू शकत नाही. झोहोची काही साधने उत्तम आहेत, काही कामचलाऊ आहेत. रुंदी मिळाली, खोली सर्वत्र सारखी नाही. हजारो कर्मचाऱ्यांच्या बड्या उद्योगांचा विश्वास मिळविण्यास तिला म्हणूनच अधिक काळ लागला.

एवढे अभियंते आणायचे कोठून? चेन्नईत, बंगळुरूत बड्या परदेशी कंपन्या नामांकित महाविद्यालयांतील मुलांना जे वेतन देतात, ते देऊन भाव कमी ठेवता येत नाही. झोहोला कामावर घेतलेल्या मुलांकडे पाहून एक गोष्ट जाणवली होती. महाविद्यालयातील गुण आणि प्रत्यक्ष कामातील गती यांचा फारसा संबंध लागत नव्हता. तेव्हा पदवीच्या गाळणीतून वर राहिलेल्यांसाठी भांडण्यापेक्षा गाळणीतून खाली पडलेल्यांकडे पाहावे, असा विचार झाला. २००५ च्या सुमारास सहा विद्यार्थी आणि दोन शिक्षक यांच्यासह एक शाळा सुरू झाली. बारावी किंवा पदविका झालेली, बहुतांशी बेताच्या परिस्थितीतील मुले घ्यायची. गणित, इंग्रजी आणि संगणकाची भाषा शिकवायची. शुल्क घ्यायचे नाही, उलट विद्यावेतन द्यायचे. आणि दोन वर्षांनी त्यांना कंपनीत कामाला लावायचे. आज तिला 'झोहो स्कूल्स ऑफ लर्निंग' म्हणतात. तिच्यातून शेकडो अभियंते कंपनीत आले आणि त्यांतील पुष्कळांनी महत्त्वाच्या उत्पादनांची जबाबदारी सांभाळली.

येथे टाळी वाजवण्यापूर्वी थोडे थांबावे. या शाळेला धर्मादाय म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. ही कंपनीच्या वाढीची योजना आहे. विद्यार्थ्यामागे केलेला खर्च परत येण्यास चार-पाच वर्षे लागतात. ज्या कंपनीला दर तिमाहीस हिशेब दाखवायचा असतो, ती असे बी पेरीत नाही. तयार रोपे विकत घेते. आणि एक बोचरा प्रश्न आपल्या शिक्षणव्यवस्थेलाही आहे. दोन वर्षांत, दोन शिक्षकांनी जे सुरू केले, ते चार वर्षे आणि लाखो रुपये घेणाऱ्या आपल्या गल्लोगल्लीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना का साधत नाही?

हीच विचारसरणी पुढे गावाकडे वळली. आपल्याच सह्याद्रीच्या रांगेच्या दक्षिण भागात, पायथ्याशी तेनकाशी नावाचे गाव आहे. तेनकाशी म्हणजे दक्षिणेची काशी. पंधराव्या शतकात पांड्य राजाने बांधलेले काशी विश्वनाथाचे मंदिर तेथे आहे. त्याच्या जवळ मथलमपराई या खेड्यात २०११ साली झोहोने अगदी थोड्या माणसांनिशी कचेरी थाटली. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारे 'झोहो डेस्क' हे उत्पादन येथे घडले. २०१९ च्या सुमारास स्वतः वेंबू या भागात राहायला गेले आणि तेथून जगभरचा कारभार पाहू लागले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सायकलवर बसलेली, मुंडू नेसलेली त्यांची छायाचित्रे सर्वत्र झळकली.

छायाचित्रे मोहक असतात, पण त्यांत अर्थकारण दिसत नाही. खेड्यात जागा स्वस्त पडते, जगण्याचा खर्च कमी असतो, हे उघडच आहे. त्याहून मोठा लाभ वेगळा आहे. कंपन्यांच्या कारभाराचे सॉफ्टवेअर वीस-वीस वर्षे चालवावे लागते. दहा वर्षांपूर्वी अमुक एक सोय तशी का केली, हे ठाऊक असलेला माणूस कचेरीत असणे ही मोठी संपत्ती असते. शहरात तो माणूस तीस टक्के वाढीसाठी समोरच्या इमारतीत जातो. आईवडिलांजवळ, स्वतःच्या घरात राहून काम करणारा माणूस सहजासहजी जात नाही. आणि मथलमपराईला कोणते काम दिले हे त्याहून महत्त्वाचे. शहरातील कचेरीचे उरलेसुरले काम खेड्यात पाठवले नाही. सबंध उत्पादनाची जबाबदारी तेथे सोपवली. कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात माहिती तंत्रज्ञान उद्याने उभारण्याच्या घोषणा आपण पुष्कळ ऐकल्या. इमारती उभ्या राहिल्या, वीजजोडण्या झाल्या. पण त्या इमारतींत कोणते उत्पादन जन्माला येणार आणि त्याचा धनी कोण असणार, हे कोणी ठरवले नाही. रत्नागिरीच्या मुलाला पुण्याच्याच कामाचा तुकडा रत्नागिरीत मिळाला तर तो पहिली संधी मिळताच पुण्याला जाणार, यात त्याचा काय दोष?

आता स्वदेशीचा विषय. या सभागृहात तो टाळून चालणार नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये एक घटना घडली. झोहोच्या टपालसेवेचा काही भामट्यांनी फसवणुकीसाठी गैरवापर केल्याच्या मोजक्या तक्रारींवरून, झोहोचे इंटरनेटवरील नाव जिच्याकडे नोंदलेले होते त्या अमेरिकी कंपनीने ते नावच बंद केले. जगभरातील ग्राहकांच्या कचेऱ्या काही तास आंधळ्या झाल्या. वेंबू यांना समाजमाध्यमावरून जाहीर विनवणी करावी लागली. कोट्यवधी लोक ज्यावर अवलंबून आहेत असा उद्योग एका परक्या कारकुनाच्या कळफलकावर अडकू शकतो, हा धडा त्या दिवशी मिळाला. झोहो आपली डेटा सेंटर स्वतः चालवते, भारतीय ग्राहकांची माहिती मुंबई आणि चेन्नई येथील केंद्रांत ठेवते, आपली बहुतेक साधने स्वतः घडवते. हा हट्ट अनेकांना आडमुठेपणाचा वाटे. त्या काही तासांनंतर त्याचे मोल कळले. स्वदेशीचा हा अर्थ रोकडा आहे : आपल्या दुकानाची किल्ली आपल्याजवळ असणे.

पण स्वदेशीचा दुसरा एक अर्थ बाजारात फिरतो, त्याविषयी सावध राहिले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय माहिती तंत्रज्ञानमंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोची साधने वापरू लागल्याचे जाहीर केले. पुढच्या महिन्यात गृहमंत्री अमित शहा यांनी आपला ई-टपालाचा पत्ता झोहोवर नेला. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे टपाल झोहोच्या व्यवस्थेवर गेले. त्यासाठीची निविदा कंपनीने २०२३ सालीच जिंकली होती. 'अरट्टै', म्हणजे तमिळमध्ये गप्पा, हे २०२१ पासून कोपऱ्यात पडून असलेले संदेशवहनाचे साधन एकाएकी सर्वांच्या तोंडी झाले. रोज तीन हजार नवे लोक येत, ते तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेले, असे वेंबू यांनीच सांगितले. सर्व्हर अपुरे पडू लागले. आणि त्याच वेळी जाणकारांनी दाखवून दिले की, लिखित संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्यावाचून कोणालाही वाचता येऊ नयेत अशी तरतूद त्यात तेव्हा नव्हती. उत्साहाने आलेला माणूस असा दोष दिसताच उत्साहाने परतही जातो.

अमेरिकेतील किंवा युरोपातील छोट्या व्यावसायिकाने झोहो घेतले ते भारताच्या प्रेमाखातर नव्हे. त्याला ते परवडले आणि त्याचे काम झाले. कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग भारताबाहेरून येत राहिला. वीस वर्षे परक्या, चोखंदळ आणि कसलीही भावनिक बांधिलकी नसलेल्या ग्राहकापुढे उभे राहिल्यामुळेच ते उत्पादन असे झाले की, देशातील मंत्र्याने ते निश्चिंतपणे वापरावे. क्रम हा असा आहे. तो उलटा केला, आधी देशप्रेमाच्या नावाने ग्राहक गोळा केले आणि मग उत्पादन सुधारू म्हटले, तर काय होते याची उदाहरणे परवाना राजवटीच्या काळातील मोटारींच्या रूपाने आपण रस्त्यावर ढकलत नेलेली आहेत.

झोहोचे गुणगान करताना आणखी एका कंपनीची आठवण ठेवणे न्याय्य होईल. झोहोतच वाढलेले गिरीश मातृभूतम २०१० साली बाहेर पडले आणि त्यांनी चेन्नईतच फ्रेशवर्क्स उभी केली. त्यांनी जोखमीचे भांडवल घेतले, घड्याळ स्वीकारले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नेली. त्या दिवशी तिचे पाचशेहून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाले, कारण कंपनीचे भाग त्यांच्या हाती होते. झोहोत असे घडले नाही आणि घडणारही नव्हते. तेथे मालकी बहुतांशी वेंबू कुटुंबाकडे आहे. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रेशवर्क्सने तेरा टक्के, म्हणजे सुमारे ६६० माणसे कमी केली आणि त्याच सुमारास स्वतःचे भाग बाजारातून परत घेण्यासाठी चाळीस कोटी डॉलर बाजूला काढले. वेंबू यांनी नाव न घेता यावर कडक टीका केली. टीका रास्त होती. पण कर्मचाऱ्याला नोकरीची शाश्वती देणारी कंपनी त्याला मालकीतला वाटा देत नाही, आणि वाटा देणारी कंपनी शाश्वती देत नाही, ही कोंडी मात्र त्या टीकेने सुटली नाही. आपल्याकडील सहकारी साखर कारखान्यांनी मालकीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवू पाहिला आणि त्याचे पुढे काय झाले हे येथे सांगायला नको. सॉफ्टवेअरच्या उद्योगात या दोहोंमधला मार्ग कोणी काढला तर ते फार मोठे काम ठरेल.

घड्याळ नाकारणे म्हणजे वाटेल तेथे उडी घेणे नव्हे, हेही झोहोने अलीकडे दाखवले. संगणकाच्या चिप्स बनविण्याच्या क्षेत्रात सुमारे सत्तर कोटी डॉलर घालण्याची तिची योजना होती. सरकारी साहाय्याची आशा होती, देशात वातावरण अनुकूल होते, वृत्तपत्रांत मथळेही येऊन गेले होते. मे २०२५ मध्ये कंपनीने ती योजना बाजूला ठेवली. तंत्रज्ञानाविषयी पुरेशी खात्री वाटत नाही, तोवर करदात्यांचा पैसा घेणे योग्य नाही, अशी भूमिका वेंबू यांनी मांडली. जाहीर झालेली योजना मागे घेताना आपल्याकडील उद्योगपती सहसा इतके सरळ बोलत नाहीत.

पुढची कसोटी मात्र कठीण आहे. झोहोचे सारे गणित माणशी दरावर उभे आहे. ग्राहकाच्या कचेरीत शंभर माणसे असतील तर शंभर दर मिळतात. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तेच काम साठ माणसांत होऊ लागले तर झोहोचे उत्पन्नही साठांवर येणार. शिवाय सॉफ्टवेअर लिहिण्याचे कामच यंत्र करू लागले, तर स्वस्त आणि टिकून राहणारे अभियंते हा जो लाभ तेनकाशीने दिला, त्याची धार बोथट होणार. जुलै २०२५ मध्ये कंपनीने 'झिया' नावाने स्वतःची भाषा-प्रारूपे आणली. जगातील अवाढव्य प्रारूपांच्या तुलनेत ती मुद्दाम लहान ठेवली आहेत. त्या वेळी सर्वांत मोठे सात अब्ज घटकांचे होते. कचेरीतील नेमक्या कामांना एवढे पुरते, त्यासाठी अब्जावधी डॉलरची विद्युतभट्टी पेटवावी लागत नाही, असा त्यामागील हिशेब आहे. तो मॅनेजइंजिनच्याच वळणाचा आहे. फरक एवढाच की, या वेळी स्पर्धकांजवळचा पैसा पूर्वीच्या कितीतरी पट अधिक आहे आणि बदलाचा वेग झोहोने आजवर अनुभवलेल्या वेगाहून जास्त आहे.

वेंबू यांनी २७ जानेवारी २०२५ रोजी मुख्य कार्यकारी पद सोडले आणि मुख्य वैज्ञानिक म्हणून संशोधनाचे काम अंगावर घेतले. कारभार शैलेशकुमार दवे यांच्याकडे आला, ते प्रारंभापासूनचे सहकारी. टोनी थॉमस अमेरिकेतील काम पाहतात, राजेश गणेशन मॅनेजइंजिन आणि मणी वेंबू झोहोची इंटरनेटवरील उत्पादने. ही सर्व माणसे कंपनीतच मुरलेली आहेत, बाहेरून आणलेला एकही नाही. प्रस्ताव नाकारणारे वेंबू आता दैनंदिन निर्णयांत नाहीत, आणि पुढच्या पिढीतील भागधारकांसमोर तसाच प्रस्ताव, अर्थात कितीतरी मोठ्या आकड्याचा, पुन्हा येणार आहे.